प्रहरीचा आवाज

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरची पुढची खोली रविवारी सकाळी आमची राहत नसे. नऊ वाजायच्या आत दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, सतरंजीवर मुलं, खाटेवर बायका आणि एकुलत्या एका खुर्चीत पेपर उघडून साळवेकाका. टीव्ही त्या जिन्यावर अजून दोघांकडे होता, पण एकाचा नुसता दिसायचा, दुसऱ्याचा नुसता ऐकू यायचा. आमचा धड होता. तरी चित्र हललं की मला गच्चीवर पळावं लागे. अँटेना फिरवत मी वरून ओरडायची, "आया?" आणि खालून सात-आठ आवाज एकदम, "आया! अरे नहीं, गया! पीछे कर, पीछे!" त्या आरोळ्यांत आमच्या स्वयंपाकघरातून सांबारवड्या तळल्याचा वास मिसळायचा. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दिल्लीच्या शेजारणींना सांबार म्हटलं की इडलीसोबतचंच आठवायचं, आणि आई दर रविवारी नव्यानं समजावून सांगायची की यात डाळ नाही, यात इडली नाही, तुम्ही खाऊन तर बघा. बाबा त्या वेळी घरात नसायचे. मालिकेचं शीर्षकसंगीत सुरू व्हायच्या बरोबर आधी ते दोन पिशव्या उचलून आय.एन.ए. मार्केटला जायचे आणि ती संपल्यावर परतायचे. मासळी त्याच वेळी ताजी मिळते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते खरं वाटायचं. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या बापाबद्दल फार कुतूहल नसतं.

मालिकेचं नाव 'चौकी नंबर नौ'. शनीच्या एका चंद्रावर माणसांची शेवटची वस्ती, तिथे पाच माणसं, आणि बाहेर कायमचा काळोख. बर्फ थर्मोकोलचा होता हे आम्हाला दिसायचं, भिंतीवरचे दिवे सायकलचे आहेत हेही एकानं ओळखलं होतं, पण त्यानं काही बिघडायचं नाही. त्या पाच जणांत एक करारी कमांडरबाई होती, एक म्हातारा डॉक्टर होता, आणि बंसी नावाचा स्वयंपाकी होता, जो सगळ्या कॉलनीचा लाडका होता. सहावा होता प्रहरी. तो दिसायचा नाही. तो यंत्र होता. हवा किती उरली, पाणी किती उरलं, कुठलं दार उघडं आहे हे तो छतातून सांगायचा. पृथ्वीवरून आलेले निरोपही तोच वाचून दाखवायचा. त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, पत्र्याचा, हळू होता. पाट्यांमध्ये सगळ्यांची नावं यायची, प्रहरीचा आवाज कुणाचा ते मात्र कधीच यायचं नाही.

मी आणि रूथ त्या मालिकेच्या पायी वेड्या झालो होतो. रूथ ही साळवेकाकांची मुलगी, माझ्याच वर्गातली, एक मजला खाली राहणारी. साळवे अहमदनगरकडचे ख्रिस्ती, आम्ही नागपूरचे बौद्ध, आणि त्या जिन्यावर मराठी घरं एवढी दोनच. काका आणि बाबा एकाच मंत्रालयात, एकाच सेक्शनमध्ये, समोरासमोरच्या टेबलांवर बसायचे. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खीर जायची. काकांचं ठाम मत होतं की घरात टीव्ही आला की मुलगी नापास होणार, म्हणून ते स्वतः मुलीला घेऊन आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे. आमची मराठी घरापुरती होती. शाळेत, बसस्टॉपवर, दुकानात हिंदी, आणि आपसात दोन्हींचा काला. आमच्याकडे एक वही होती. पहिल्या पानावर चौकीचा नकाशा, मग प्रत्येक भागात काय काय दिसलं, कोण काय म्हणालं, आणि शेवटी आमचे अंदाज. माझी भाची आता फोनवर मालिका बघते आणि भाग संपायच्या आत जगभरचे लोक त्यावर काय म्हणताहेत ते वाचून काढते. आम्ही दोघीच होतो, आणि एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतचे सहा दिवस.

माझा अंदाज असा होता की प्रहरी यंत्र नाही, माणूस आहे. तिसऱ्या भागात तो बोलायच्या आधी घसा खाकरला होता, अगदी हलका, पण खाकरला होता. पाचव्या भागात त्यानं बंसीला विचारलं, "आज क्या पका है?" यंत्राला काय करायचंय? आणि एकदा तो म्हणाला, "बीस... नहीं, इक्कीस." यंत्र चुकत नाही.

"अगं यार, ती ॲक्टरची चूक," रूथ म्हणायची. "पुन्हा रेकॉर्ड करायचा कंटाळा केला असेल. प्रहरी मशीनच आहे, फक्त डॉक्टरनं त्याला बिघडवून ठेवलंय. लिही, पैज."

"बिल्कुल नाही. माणूस आहे."

हे सगळं मी जेवतानाही बोलायची. बाबा समोर बसलेले असायचे. ते फार बोलणारे नव्हतेच. नागपुरात तरुणपणी त्यांनी जलशात गाणी म्हटली होती, लोक त्यांच्या आवाजासाठी दुसऱ्या मोहल्ल्यातून यायचे, असं आई सांगायची, पण मला ते खरं वाटायचं नाही. दिल्लीत आल्यापासून ते ऑफिसला जायचे, परत यायचे, रेडिओवर बातम्या ऐकायचे. एकदा मी भाताचा घास तोंडात असतानाच विचारलं, "बाबा, मशीनला घसा खाकरावा लागतो का?"

बाबांचा हात ताटावरच थांबला. "जेव," ते म्हणाले.

"पण तिसऱ्या भागात प्रहरी ना..."

"जेव ना बापा. भात निवून राहिला."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून वरण वाढलं. मला ते पाहणं दिसलं होतं. माझ्या वहीत नकाशे होते, प्रत्येक दाराचा नंबर होता, पण माझ्या ताटासमोरची ही नजर मी कुठेच लिहून ठेवली नाही.

आता त्या रविवारचं. अकरावा भाग. खोली नेहमीपेक्षा जास्त भरलेली, कारण मागच्या भागाच्या शेवटी चौकीची हवा गळायला लागली होती. सुरुवातीपासूनच प्रहरी गप्प होता. कमांडरबाई ओरडून विचारते, हवा किती उरली, आणि छतातून काही उत्तर येत नाही. दहा भागांत असं कधी झालं नव्हतं. ती हातात दिवा घेऊन तळमजल्यावर जाते, जिथे आम्ही नकाशात फुली मारून ठेवली होती. तिथे एक गंजलेलं दार. ती दारावर हात मारते. खोलीत आमच्यापैकी कुणी चावतसुद्धा नव्हतं, वड्या हातातच. दार जरासं सरकतं. आत मिट्ट काळोख. बाई दिवा वर करते, आणि आतून आवाज येतो. पत्र्याचा नाही, विहिरीतला नाही. साधा, माणसाचा, थोडा बसलेला आवाज. "बत्ती मत जलाओ. इस चौकी का पहला आदमी मैं हूँ."

आणि पाट्या सुरू.

माणूस होता! मी म्हटलं होतं! मी रूथचा दंड इतका घट्ट धरला की तिनं मागून आठवडाभर निळा डाग दाखवला असता, जर तसा आठवडा मिळाला असता. सगळे एकदम बोलत होते, कुणी टाळ्या वाजवत होतं. आणि रूथ मोठ्यानं हसत म्हणाली, "अगं, हा तर मराठी आहे! ऐकलंस का, चौकी कसं म्हणाला?"

ऐकलं होतं. 'चमच्या'तला च. हिंदीत 'चाचा' म्हणतात तसा नव्हे. रूथनं बोट ठेवलं आणि माझ्या कानात तो शब्द पुन्हा वाजला, आणि त्याच्यामागून तो सगळा आवाज, 'मत' म्हणण्याआधी घेतलेला श्वास, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा सूर. रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर "आटप लवकर" म्हणणारा सूर. मी विचार केला नाही. विचार करायला जितका वेळ लागतो तेवढाही मध्ये गेला नाही.

"अरे, ये तो बाबा हैं!" मी ओरडले. "ये मेरे बाबा की आवाज़ है!"

खोली हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. आई झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "टीव्ही बंद कर." तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं की मी खरं बोलतेय. साळवेकाकांनी पेपर खाली घेतला. "मेश्राम? आपला मेश्राम?" ते म्हणाले, आणि मग, आश्चर्यानं, मोठ्यानं, "पण तो तर रजा घेऊन दाताच्या डॉक्टरकडे..." आणि तिथेच थांबले. ते अर्धं वाक्य मी पुढे कित्येक वर्षं ऐकत राहिले.

बाबा परत आले तेव्हा जिन्यातच त्यांना मुलांनी घेरलं. "प्रहरी अंकल! प्रहरी अंकल!" ते दारात उभे राहिले, दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून मासळीचं पाणी ठिबकतंय. त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "कोण म्हणालं?" "मी," मी म्हणाले. मला अजूनही वाटत होतं की मी काहीतरी फार आनंदाचं केलंय. बाबा हसले. सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. कुणीतरी आग्रह केला तेव्हा त्यांनी प्रहरीच्या आवाजात एक वाक्यही म्हणून दाखवलं, आणि लहान मुलं किंचाळली. फक्त साळवेकाका चहा न घेता खाली गेले.

लोक गेल्यावर बाबा खाटेवर बसले. "तुला कशावरून कळलं?" त्यांनी विचारलं.

"चौकीवरून. तुमच्या च-वरून."

"अरे बापा," ते म्हणाले आणि खरंखुरं हसले, मान हलवत. "तो च मी दहा वेळा सुधारला होता." मग त्यांनी सांगितलं. विहारातल्या एका कार्यक्रमात त्यांचं बोलणं ऐकून एका माणसानं त्यांना विचारलं होतं. स्टुडिओत तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलायला लावायचे, मग टेप हळू फिरवायचे, म्हणून आवाज तसा यायचा. खाकरणं? ते खरंच खाकरले होते, चूक झाली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकी प्रहरी माणूस निघणार हे गोष्टीत पहिल्यापासून लिहिलेलंच होतं. "तू जेवताना बोलायचीस," ते म्हणाले, "तेव्हा मला घास गिळवत नव्हता." मी विचारलं, मग नाव का नाही दिलं? ते उठून पिशवीतली मासळी काढायला लागले. आई म्हणाली, "ऑफिसला विचारलं नव्हतं. दाताचं कारण सांगून जात होते." आणि तेव्हा कुठे, तळव्यापासून वर चढत यावं तसं, मला कळायला लागलं की मी काय केलंय.

मंगळवारी बाबा दुपारीच घरी आले. मेमो मिळाला होता. त्यात काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही, पण आई दोन दिवस त्या कागदाकडे पाठ करून वावरत होती. खोटं कारण सांगून रजा, परवानगीशिवाय बाहेरचं काम. बाबांनी उत्तर लिहिलं, सगळं कबूल केलं. नोकरी गेली नाही. ताकीद मिळाली, गोपनीय अहवालात शेरा आला, आणि त्या वर्षी ते सेक्शन ऑफिसर होणार होते, ते राहिलं. एवढंच, असं आज म्हणता येतं. पण बाबांना तेव्हा काय झालं असेल ते मला त्यांच्या एका सवयीवरून कळतं. ते ऑफिसला दहा मिनिटं आधी पोचायचे आणि दहा मिनिटं उशिरा निघायचे, एकवीस वर्षं. आपल्याला कोणी 'कोट्यातला' म्हटलं तर म्हणू दे, पण कामात बोट दाखवायला जागा द्यायची नाही, असं ते आम्हाला सांगायचे. ती जागा मी भरल्या खोलीत उघडून दिली होती. त्या वर्षीची बढती साळवेकाकांना मिळाली.

आता माझ्याकडे पुन्हा एक कोडं होतं, आणि पुरावेही होते. दाताच्या डॉक्टरचं कुणाला माहीत होतं? काकांना. चहा न घेता कोण गेलं? काका. कुणाचा फायदा झाला? इतका सरळ अंदाज मी आयुष्यात कधी बांधला नव्हता. खरं तर बढतीची बातमी यायच्या आधीच, पुढच्याच रविवारी, मी तो पक्का केला होता. त्या दिवशी आईनं वड्या तळल्या नाहीत आणि कुणी आलंही नाही. बाबा पिशव्या घेऊन गेले. नवाला पाच मिनिटं असताना रूथ आली, एकटीच, वही छातीशी धरून. मी दार अर्धंच उघडलं.

"आजपासून इथे यायचं नाही," मी म्हणाले.

"का?"

"तुझ्या पप्पांना विचार."

"काय विचारू? सुजाता, काय झालं?"

मी दार लावलं. आतून शीर्षकसंगीत सुरू झालं. ते बरंच लांब होतं, आणि तेवढा वेळ दाराखालच्या फटीत तिच्या पायांची सावली हलली नाही. मग संगीत संपलं आणि सावली गेली. बाबांनी पुढे दोन-तीनदा विचारलं, रूथ येत नाही का आजकाल? मी म्हटलं, तिची परीक्षा आहे.

मी शेवटचे दोन भाग एकटीनं पाहिले. गंजलेलं दार पूर्ण उघडलं, आत एक दाढीवाला नट बसलेला होता, आणि त्याचा आवाज दुसराच होता. शुद्ध हिंदी, निर्दोष च. स्टुडिओवाल्यांनी आठवड्यात दुसरा माणूस शोधला होता. मग जे उघड झालं त्यानं मी सतरंजीवर बसल्या जागी गार पडले. पृथ्वीवरून चार वर्षांत एकही निरोप आला नव्हता. तिकडे कुणी उरलंय की नाही, तेच माहीत नव्हतं. प्रहरी, म्हणजे तो माणूस, रोज खाली काळोखात बसून निरोप रचायचा आणि वर वाचून दाखवायचा, म्हणजे त्या पाच जणांनी जगत राहावं. मी तोंड उघडलं, शेजारी बघितलं, आणि शेजारी कुणी नव्हतं. असा धक्का एकट्यानं सोसायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आई स्वयंपाकघरात होती, तिला सांगितलं तर ती म्हणाली, बंद कर तो डबा.

पुढच्या वर्षी साळव्यांना दुसऱ्या कॉलनीत मोठा क्वार्टर मिळाला. सामानाचा टेम्पो मी गॅलरीच्या जाळीतून पाहिला. मग माझं कॉलेज, नोकरी, फरीदाबादचा फ्लॅट, आई गेली, बाबा माझ्याकडे आले. रूथचं लग्न पानिपतला झालं आणि ती तिथे शाळेत शिकवते, एवढं कुणाकडून तरी कानावर आलं होतं. मी काही केलं नाही. माझ्या मनात तो हिशेब चुकता होता: तिच्या बापानं माझ्या बापाचं नुकसान केलं. आणि आतल्या आत, जिथे मी फारशी जात नसे, तिथे हेही होतं की दोष काकांचा असला तर तो माझा राहत नाही.

मध्यंतरी एका दुपारी बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. बाबा तेव्हा नव्वदीला टेकले होते, ऐकू कमी यायचं, पण आवाज तसाच होता. फोन ठेवून ते म्हणाले, "साळवे वारला. पानिपतला, लेकीकडे. मला घेऊन चल तिकडे."

मी डाळ निवडत होते. "कशाला बाबा? इतकं करून ठेवल्यावर?"

"काय करून?"

"तुमची तक्रार त्यांनीच केली होती ना."

बाबांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी दुसऱ्याच कुणाची मुलगी आहे. "साळव्यानं? तुला कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण दाताचं त्यांनाच..."

"अवो, मीच गेलो होतो साहेबाच्या खोलीत. सोमवारी सकाळी. मीच सांगितलं."

डाळीची परात माझ्या मांडीवर होती. मला आठवतं की मी तिच्यातला एक खडा काढला आणि तो पुन्हा तिच्यातच टाकला.

"सात-आठ जणांनी ऐकलं होतं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या तोंडून साहेबाच्या कानावर जाण्यापेक्षा आपण जावं. खोटं बोलून रजा घेतली होती ना मी? आपल्यातल्या एकानं खोटं केलं की ते त्या एकट्याचं राहत नाही, सगळ्यांच्या नावावर पडते." मग थोडं थांबून, "साळवे तर मला अडवून राहिला होता. आदल्या संध्याकाळी खाली मैदानात भेटला. म्हणे, मेश्राम, जाऊ नको, माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही, बाकीच्यांना मी बघून घेतो. चहासुद्धा गेला नाही म्हणे त्याला, तोंडून दाताचं निघून गेलं म्हणून. मीच ऐकलं नाही."

बाबांना ऐकू कमी यायचं, पण दिसायचं चांगलं.

"सुजाता. त्या पोरीला तू काय म्हणाली होतीस?"

मी सांगितलं. सगळं, सावलीसकट. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आणि मी विचारत होतो," ते एवढंच म्हणाले, "तर तू म्हणायची, परीक्षा आहे."

दोन दिवसांनी आम्ही टॅक्सीनं पानिपतला गेलो. हायवेवर चादरी आणि गालिचांच्या दुकानांच्या पाट्या सुरू झाल्या. रूथचं घर एका शाळेमागच्या गल्लीत होतं. दार तिनंच उघडलं. पांढरे केस, जाड चष्मा, आणि चष्म्यामागे तेच डोळे. तिनं आधी बाबांना ओळखलं. "प्रहरी अंकल," ती म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला तसंच धरून आत गेले. मी चप्पल काढायला उगाचच वेळ लावला.

साळवेकाकांचा फोटो टेबलावर होता, त्याला हार घातलेला. बाबा त्याच्यासमोर बसले. नातेवाईक आतल्या खोलीत होते. रूथ पाणी घेऊन आली तेव्हा मी उभी राहिले, कारण बसून ते बोलता आलं नसतं. मी सांगितलं की मला काय वाटलं होतं, ते कसं खोटं होतं, आणि खरं काय ते मला दोन दिवसांपूर्वीच कळलंय. वाक्यं नीट झाली नाहीत. मी हिंदीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं.

रूथ ट्रे हातात धरून ऐकत होती. "पप्पांनी?" ती म्हणाली. "तुला वाटलं, पप्पांनी?" तिनं ट्रे ठेवला. "मला वाटायचं, मी हसले म्हणून. त्या दिवशी मीच सगळ्यात मोठ्यानं हसले होते ना, 'मराठी आहे, मराठी आहे' करत. मी नसते बोलले तर तू ओळखलं नसतंस. मला वाटलं, अंकलची नोकरी माझ्यामुळे जाणार होती. पप्पांना विचार म्हणालीस, पण घरी मी पप्पांनापण काही नाही सांगितलं, भीती वाटली. म्हटलं, मलाच नको आता ती सिरियल."

"रूथ, मला माफ..."

"ते नंतर बघू," ती म्हणाली. कठोरपणे नाही, पण मऊपणेही नाही. मग तिनं खुर्ची ओढली, चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्याकडे वाकून, आतल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "दार उघडल्यावर पुढे काय झालं गं?"

म्हणजे तिनं पुढचे भाग पाहिलेच नव्हते. आमच्या घराशिवाय तिला ती मालिका बघायला दुसरं घर नव्हतं. मग मी सांगितलं, दाढीवाला माणूस, चार वर्षं, पृथ्वीवरून न आलेले निरोप. बाबा फोटोसमोरून मान वळवून मध्येच म्हणाले, "शेवटचा निरोप फार चांगला लिहिला होता. माझा पाठ झाला होता तो. म्हणायला मिळाला नाही." रूथचे ओठ हलत होते, जणू ती जुने भाग एकेक करून मागे जात होती.

"थांब," ती म्हणाली. "मग पहिल्याच भागात बंसीच्या आईचं पत्र आलं होतं ते? तो रडला होता बघ, भाजी कापता कापता?"

"तेही त्यानंच रचलेलं," मी म्हणाले.

रूथनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.